वर्तुळ काढायला किती ओळी?

आठवीतल्या भाच्याने मला विचारलं, "मावशी, जुन्या कॉम्प्युटरवर अ‍ॅप नसायचे, मग चालू केल्यावर लोक करायचे काय?" मी म्हटलं, प्रोग्रॅम लिहायचे. तो म्हणाला, मग मला शिकव.

झालं. एका शनिवारी लॅपटॉपवर तीन एमुलेटर उतरवून बसले. कमोडोर ६४, झेडएक्स स्पेक्ट्रम आणि बीबीसी मायक्रो. तिन्ही यंत्रं १९८१-८२ या दोन वर्षांतली, तिन्हींची भाषा बेसिक. पण कुडाळची मराठी आणि अकोल्याची मराठी जशी एकच असून एक नाही, तसंच या बेसिकचं. प्रत्येक कंपनीची बोली वेगळी. शिकवायची कुठली, हे ठरवायला मी एक सोपी परीक्षा घेतली: स्क्रीनवर वर्तुळ काढायचं.

आधी मूळ भाषेबद्दल थोडं. बेसिक जन्मली १९६४मध्ये, अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात. जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्झ हे दोघे गणिताचे प्राध्यापक. कॉम्प्युटर फक्त विज्ञानाच्या विद्यार्थ्यांपुरता राहू नये, इतिहास-साहित्य शिकणाऱ्यालाही वापरता यावा, हा त्यांचा हट्ट होता. म्हणजे ही भाषा मुळातच 'बाकीच्यांसाठी' होती. पुढे १९७५मध्ये बिल गेट्स, पॉल अ‍ॅलन आणि माँटी डेव्हिडॉफ यांनी ती अल्टेअर या छोट्या यंत्रात बसवली आणि मायक्रोसॉफ्टचा संसार सुरू झाला.

आता परीक्षा. स्पेक्ट्रमवर वर्तुळाला एक ओळ पुरते: सर्कल, मग केंद्राचे दोन आकडे आणि त्रिज्या. एंटर दाबलं की वर्तुळ हजर. सिंक्लेअरने हे यंत्र एप्रिल १९८२मध्ये १२५ पौंडांपासून विकायला काढलं. त्याची सगळी बेसिक आणि बाकीची व्यवस्था मिळून १६ केबीच्या रॉममध्ये बसवलेली. प्रत्येक कीवर अख्खा शब्द छापलेला असायचा, त्यामुळे 'प्रिंट' टाइप करायला 'पी' एकदा दाबलं की झालं. ओळ चुकली असेल तर यंत्र ती आत घ्यायचंच नाही. नवशिक्याला याहून प्रेमळ काय हवं? पण प्रोग्रॅम वाढला की अडचण सुरू. 'एल्स' नाही. कामाला नाव देऊन ते वेगळं ठेवायची सोय नाही. गोटू आणि गोसब यांच्या उड्या मारत राहायचं.

कमोडोर ६४वर तेच वर्तुळ काढायला मला तास गेला. हे यंत्र त्या काळातलं सर्वांत देखण्यांपैकी एक. ध्वनीची सिड चिप तर अशी की आजही लोक तिच्यासाठी संगीत रचतात. पण त्याच्या बेसिकमध्ये चित्रासाठी शब्दच नाही. ५३२६५ आणि ५३२७२ या पत्त्यांवर आकडे 'पोक' करायचे, ८,००० बाइट एकेक करून पुसायचे (तोवर चहा गाळून होतो), आणि मग प्रत्येक ठिपका कुठल्या बाइटच्या कुठल्या बिटमध्ये येतो, याचं गणित करायचं. व्हेरिएबलच्या नावाची पहिली दोनच अक्षरं धरली जातात. म्हणून 'स्पीड' आणि 'स्पेस' त्याला एकच वाटतात. 'स्कोअर' हे नाव तर चालतच नाही, कारण त्याच्या इंग्रजी स्पेलिंगच्या पोटात 'ऑर' हा राखीव शब्द लपलेला आहे. गेम लिहायला बसलेल्या पोराने करायचं काय?

हे अज्ञानातून झालं नव्हतं. कमोडोरकडे बेसिकची याहून सुधारित, ४.० ही आवृत्ती होती. कंपनीच्या पेट या यंत्रांत ती वापरलीही जात होती. तिच्यात डिस्कसाठी वेगळ्या आज्ञा होत्या. सी६४मध्ये मात्र जुनी २.० घातली, कारण ती ८ केबीत मावत होती आणि रॉमला पैसे पडतात. परिणाम असा, की डिस्कवर काय आहे हे बघायला गेलं की मेमरीतला तुमचा प्रोग्रॅम पुसला जायचा. कंपनीचे काही डॉलर वाचले, मुलांची संध्याकाळ गेली.

तिसरी बोली बीबीसी बेसिक. ब्रिटिश लोकांना कॉम्प्युटर शिकवण्याचा प्रकल्प बीबीसीने हाती घेतला, त्यासाठी केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीने हे यंत्र बनवलं. त्याची बेसिक लिहिली सोफी विल्सन यांनी. इथे फक्त भाषेला १६ केबीचा स्वतंत्र रॉम दिलेला. रिपीट-अंटिल आहे, एल्स आहे, प्रोसिजरला नाव देता येतं, तिच्या आतले व्हेरिएबल बाहेर सांडत नाहीत. बेसिकच्या मधोमध असेम्ब्लीही लिहिता येते.

त्रुटी आहेतच. यंत्र महाग, रॅम ३२ केबी, आणि जास्त तपशिलाच्या ग्राफिक्सला त्यातली २० केबी स्क्रीनच खाते. शिवाय मॉडेल बीच्या बेसिकमध्ये 'सर्कल' हा शब्द नाही! पण साइन-कोसाइन वापरून सात-आठ ओळींची प्रोसिजर मी एकदा लिहिली, तिला नाव दिलं, आणि त्यानंतर तो शब्द माझा झाला.

आता जुन्या हौशी लोकांचा एक लाडका युक्तिवाद. ते म्हणतात, कमोडोरची बेसिक दरिद्री होती म्हणूनच आम्ही मशीन कोड शिकलो. त्रास झाला म्हणून घडलो. हे खोटं नाही. त्या 'पोक'मधून यंत्राची आतली रचना खरंच कळते, मलाही त्या तासात कळली. पण ही गोष्ट सांगतात ते टिकलेले लोक. वैतागून यंत्र बंद करून उठलेल्या मुलांची आठवण कोण लिहिणार?

मला माझी हॉस्टेलची रूममेट आठवली. इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षी आम्हाला सी शिकवली, त्या निळ्या स्क्रीनवर, कालबाह्य कंपायलरवर. एरर आली की सर म्हणायचे, "शोधा, त्यातूनच शिकाल." मी शोधत बसले, कारण घरी कॉम्प्युटर होता आणि चुका करायला रात्र होती. तिच्याकडे आठवड्याचे दोन तास होते. 'आपल्याला नाही जमत हे' असं तिने सेमिस्टरभरात ठरवून टाकलं. तिचं गणित माझ्यापेक्षा चांगलं होतं.

आपल्याकडे १९८४मध्ये केंद्र सरकारने 'क्लास' हा शालेय संगणक प्रकल्प सुरू केला, तेव्हा निवडलेलं यंत्र बीबीसी मायक्रोच होतं. म्हणजे त्या तिघींतली सर्वांत विचारपूर्वक केलेली बोली भारतीय शाळांत पोचली होती. पण बोली चांगली असून भागत नाही, ती बोलायला तासही मिळावे लागतात.

आणि त्या १६ केबीचं पुढे काय झालं? एकॉर्नने स्वतःचा प्रोसेसर बनवायचं ठरवलं, तेव्हा विल्सन यांनी त्याच्या आज्ञांचा संच रचला आणि त्याची पहिली नक्कल बीबीसी बेसिकमध्येच चालवून पाहिली. एप्रिल १९८५मध्ये खरी चिप सुरू झाली. तिचं नाव आर्म. तुम्ही हा लेख ज्या फोनवर वाचताय, त्यात जवळपास नक्कीच तिचं वंशज बसलेलं आहे.

मी बीबीसी बेसिक निवडली. वर्तुळाची प्रोसिजर भाच्याला तयारच दिली, साइन-कोसाइनला अजून दोन वर्षं आहेत. त्याने ती पाच वेळा बोलावून पाच वर्तुळं काढली. मग म्हणाला, "चौकोनाचा शब्द मी बनवतो, तू सांगू नकोस."

दोन एरर आल्या. मी गप्प बसले. त्याच्याकडे अख्खा रविवार होता.