मालगाडी की भूकंप?

परवा शनिवारी लोणावळ्याला घरी गेलो होतो. सोबत एक खोकं नेलं होतं. त्यात होती एक स्लिंकी (जिन्याच्या पायऱ्या उतरणारी ती लहानपणीची स्प्रिंग), एक लोहचुंबक, मोटर रिवाइंडिंगवाल्याकडून आणलेली तांब्याची तार, तांब्याच्या पाइपचा तुकडा आणि एक छोटं सर्किट. स्प्रिंगला चुंबक टांगायचा, चुंबकाभोवती तारेचं वेटोळं ठेवायचं. जमीन हलली की वेटोळं हलतं, टांगलेला चुंबक क्षणभर मागे राहतो आणि तारेत चिमुकला करंट येतो. तो मोठा करून लॅपटॉपवर रेघ काढायची. झाला भूकंपमापक! तांब्याचा पाइप कशाला? तर चुंबकाला आवर घालायला. नाहीतर एका धक्क्यानंतर तो बराच वेळ नाचत बसतो.

रात्री सव्वाअकराला रेघ पहिल्यांदा जोरात थरथरली. मी खुर्चीतून उडालोच. मग लांबून भोंगा ऐकू आला. मालगाडी! मागे बँकर इंजिनं लावून घाट चढून आलेली.

आजी हे सगळं बघत होती. म्हणाली, "अरे, माझं नेमकं उलटं झालं होतं."

आमच्या घरात कालगणनेचे दोन भाग आहेत, कोयनेच्या भूकंपाआधी आणि कोयनेच्या भूकंपानंतर. मामाचं वयसुद्धा त्यावरूनच मोजतात, कारण तो तेव्हा पाळण्यात होता. ११ डिसेंबर १९६७, पहाटेचे ४ वाजून २१ मिनिटं. मांडणीवरची भांडी खडखडायला लागली. आजीला वाटलं, मालगाडी जातेय. पण गाडी काही संपेना. मग पितळेचा डबा धाडकन खाली आला आणि आजोबा ओरडले, "बाहेर चला!" लोणावळ्यापासून कोयना सरळ रेषेत साधारण दीडशे किलोमीटर. तिथे मात्र कोयनानगर झोपेतच कोसळलं होतं. सुमारे १८० माणसं गेली.

"मग हे तुझं यंत्र भूकंप व्हायच्या आधी सांगणार का?" आजीने विचारलं.

"नाही गं. झाल्यावर सांगेल."

"झाल्यावर तर मलाही कळतं!"

आता यावर काय बोलणार? पण प्रश्न डोक्यातून जाईना. रविवार त्याच्याच नादात गेला.

यंत्राची गोष्ट सुरू होते जपानमध्ये. जॉन मिल्न हा इंग्रज खाणकाम इंजिनियर १८७६ मध्ये टोकियोत शिकवायला गेला आणि तिथल्या धक्क्यांनी त्याला पार झपाटलं. त्याने केलेला भूकंपमापक फाटकासारखा होता. फाटकाचा खांब किंचित कलता असला की ते सावकाश झुलतं, तसा आडवा लंबक. पुढे इंग्लंडला परतल्यावर त्याने ही यंत्रं जगभर बसवायचा उद्योग मांडला. आपल्याकडे १२ जून १८९७ ला शिलाँगचा महाभयंकर भूकंप झाला. १८९८ च्या डिसेंबरात कोलकात्याच्या अलीपूरला देशातलं पहिलं भूकंपमापन केंद्र सुरू झालं आणि त्याच सुमारास मुंबईच्या कुलाबा वेधशाळेतही मिल्नचं यंत्र आलं. क्रम लक्षात घ्या. आधी भूकंप, मग यंत्र.

कोयनेला मात्र हा क्रम उलटा झाला. १९६२ मध्ये शिवसागर जलाशयात पाणी साठायला लागलं आणि लवकरच आसपासच्या गावांना बारीक बारीक धक्के जाणवू लागले. 'दख्खनचं पठार म्हणजे काळा कातळ, इथे कसला भूकंप?' असं समजण्याचा तो काळ. नुकत्याच निघालेल्या भूकंप नकाशातही या भागाला फारसा धोका दाखवलेला नव्हता. तरी कुणीतरी लोकांचं म्हणणं मनावर घेतलं आणि १९६३ पासून धरणाच्या परिसरात भूकंपमापक बसू लागले. डिसेंबर १९६७ चा ६.३ रिश्टरचा धक्का बसला तेव्हा यंत्रं आधीच जागी होती. खुद्द धरणाच्या आत बसवलेल्या यंत्रावर धक्क्याचा जोर नोंदला गेला. गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ०.६३ पट! धरणाच्या वरच्या भागात तडे गेले, पण धरण उभं राहिलं. त्या नोंदींवरून नंतर धरणाची मजबुती वाढवली आणि जगभरचे इंजिनियर आजही आपली गणितं त्याच नोंदींवर तपासून बघतात. जलाशयामुळे भूकंप चाळवू शकतो, या विषयात कोयनेचं नाव आज जगात पहिलं घेतलं जातं. २०१७ मध्ये तर तिथे गोठणे गावाजवळ ३ किलोमीटर खोल भोक पाडून झालं, भूकंप जिथे जन्मतो त्या खडकाच्या जवळ जायला. आणि नकाशा? तो १९७० मध्ये बदलला. शून्य क्रमांकाचा झोनच काढून टाकला.

आता दुसरी गोष्ट. किल्लारी.

३० सप्टेंबर १९९३, गणेश विसर्जनाच्या रात्रीनंतरची पहाट, ३ वाजून ५६ मिनिटं. लातूर आणि उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यांत दगडमातीची घरं माणसांच्या अंगावर आली. सुमारे दहा हजार लोक गेले. भूकंप केवढा? ६.२ च्या आसपास, म्हणजे कोयनेएवढाच. पण किल्लारीलाही धक्के आदल्या वर्षापासून, १९९२ पासूनच जाणवत होते. लोक घाबरलेले होते, बोलत होते. पण इथे कोयनेसारखं यंत्रांचं जाळं नव्हतं. मोठी केंद्रं होती हैदराबाद आणि पुण्याकडे, दोनशे-तीनशे किलोमीटरवर. एवढ्या लांबून बारके धक्के नीट पकडता येत नाहीत, त्यांची जागा आणि खोली तर नाहीच. यंत्रं घेऊन पथकं धावली ती भूकंप झाल्यावर. नकाशा पुन्हा बदलला, २००२ मध्ये. यावेळी एक क्रमांकाचा झोन गेला. किल्लारी त्यातच होती.

आमच्या धंद्यात याला एक सरळ नियम आहे. सर्व्हर पडल्यावर लॉगिंग चालू करून काही उपयोग नसतो. लॉग आधीपासून चालू लागतो. तोही कंटाळवाणा, रोजचा, कुणी न वाचलेला.

गैरसमज नको. किल्लारीत दहा यंत्रं असती तरी 'उद्या पहाटे भूकंप होणार' असं कुणी सांगू शकलं नसतं. ते आजही कुणाला सांगता येत नाही. पण धक्के नेमके कुठे होताहेत, किती खोल, वाढताहेत की कमी होताहेत, हे कळलं असतं. गावकऱ्यांच्या भीतीला आकडे मिळाले असते. आणि सरकारदरबारी भीतीपेक्षा आकड्याला जास्त वजन असतं, हे काय मी सांगायला पाहिजे?

पूर्वी यावर उत्तर ठरलेलं होतं, यंत्रं महाग आहेत. आता ते तितकंसं खरं नाही. १९७९ मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकाने जेम्स लेहमन नावाच्या प्राध्यापकाचा घरगुती भूकंपमापक छापला, तोही फाटकाच्याच तत्त्वावरचा, आणि हौशी लोकांनी गॅरेजमध्ये तो बनवायचा सपाटा लावला. पुढे अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये तो नाद शाळांपर्यंत पोचला. २०१६ मध्ये 'रास्पबेरी शेक' आलं. छोटा कॉम्प्युटर आणि त्याला जोडलेला एक जिओफोन, सगळं मिळून जेवणाच्या डब्याएवढं.

हे खेळणं नाही, याचा पुरावा हैतीत मिळाला. २०१० मध्ये तिथे भूकंपात लाखाहून जास्त माणसं गेली, तेव्हा त्या देशात यंत्रांचं जाळंच नव्हतं. नंतर शास्त्रज्ञांनी सामान्य लोकांच्या घरांत ही डबडी ठेवली. १४ ऑगस्ट २०२१ ला ७.२ चा धक्का बसला, तेव्हा जवळच्या नोंदी मिळाल्या त्या या घरांमधून.

मग मावळातल्या एखाद्या शाळेत असं यंत्र ठेवलं तर काय दिसेल? मी थोडं गणित केलं. भूकंपाच्या दोन मुख्य लाटा असतात. एक वेगात येते, दुसरी मागाहून पण जोरात. दोघींमधल्या सेकंदांना साधारण ८ ने गुणलं की अंतर किलोमीटरमध्ये मिळतं. म्हणजे कोयनेचा धक्का असेल तर लोणावळ्यात १८-१९ सेकंदांचं अंतर, किल्लारीकडचा असेल तर चाळीसेक सेकंद. आठवीतल्या मुलाला फूटपट्टीने मोजता येईल. एका शाळेला फक्त अंतर कळेल, दिशा नाही. पण कामशेत, पौड आणि कर्जतच्या तीन शाळा एकत्र आल्या की कंपासने तीन वर्तुळं काढायची. जिथे छेदतात तिथे भूकंप!

अडचणी आहेतच. घाटातली रेल्वे, एक्सप्रेसवेवरचे ट्रेलर, जुलैतला पाऊस, सगळं रेघेवर उमटणार. २०२० च्या लॉकडाउनमध्ये जगभरच्या यंत्रांवर माणसांच्या वर्दळीची थरथर निम्म्यापर्यंत उतरली होती. इतकी गडबड करतो आपण! पण मला वाटतं, ही गडबड ओळखायला शिकणं हाच पहिला धडा. रोजची रेघ कशी दिसते हे माहीत असेल तरच वेगळी रेघ ओळखू येते.

आणि मावळाला याची गरज आहे का? आमच्या आजूबाजूला वळवण, शिरोता, ठोकरवाडी, पवना अशी धरणंच धरणं. प्रत्येक धरण भूकंप आणतं असं मुळीच नाही. वळवण, शिरोता तर शंभर वर्षांहून जुनी आहेत आणि तिथे कोयनेसारखं काही घडलेलं नाही. पण कोयनेबद्दलही १९६२ पूर्वी सगळे निवांतच होते. पालघर जिल्ह्यात डहाणू-तलासरीकडे २०१८ च्या नोव्हेंबरपासून धक्क्यांची माळ लागली, तेव्हाही धक्के आधी आणि जवळची यंत्रं नंतर, असंच झालं.

रविवारी निघताना आजीला उत्तर दिलं. म्हटलं, "आजी, हे यंत्र तुला सावध नाही करणार. पण पुढच्या वेळी कुणी म्हणालं ना, की म्हातारीला भास झाला, मालगाडी गेली असेल, तर आपल्याकडे कागद असेल."

तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, "मग ते खिडकीत नको ठेवूस. तिथे मांजर बसतं."

असो. यंत्र सध्या आजीच्या कोठीच्या खोलीत, फरशीवर, पिंपामागे आहे. लॉग चालू आहे.