मार्शल मानरहाइम

१४. मार्शल : कार्ल गुस्ताफ एमिल मानरहाइम (१८६७–१९५१), फिनलंडचे सेनापती. त्याआधी सुमारे तीस वर्षे ते रशियाच्या झारच्या सैन्यात होते. १९३९-४० च्या हिवाळी युद्धाने त्यांना राष्ट्रनायक केले. मात्र १९१८ च्या यादवीत हरलेल्या ‘लाल’ पक्षाच्या घरांतून त्यांचे नाव पुढेही कडवटपणेच घेतले जाई. येथे लेखक त्यांचे राष्ट्राध्यक्षपद पराक्रमाचे बक्षीस मानतो, ते पटत नाही. जून १९४४ मध्ये अध्यक्ष रिस्तो र्‍युती यांनी हिटलरला वैयक्तिक पत्राने शब्द दिला होता, की जर्मनीला सोडून रशियाशी वेगळा तह होणार नाही. १ ऑगस्टला र्‍युतींनी राजीनामा दिला आणि ४ ऑगस्टला संसदेने खास कायदा करून मानरहाइम यांना अध्यक्ष केले. मागच्या शब्दाला नवा अध्यक्ष बांधील नव्हता. ४ सप्टेंबरला फिनलंडने रशियाविरुद्धची लढाई थांबवली. हे काम दुसऱ्या कोणालाही जमले असते, असा आक्षेप घेता येईल. कागदोपत्री जमलेही असते. पण त्यानंतर कालच्या मित्र जर्मनांवरच बंदुका रोखण्याचा हुकूम सैन्याने निमूट ऐकावा, एवढे वजन दुसऱ्या कोणाचे होते? लोकांनी निवडून दिले नाही म्हणून याला लष्करी सत्ता म्हणणेही चूक. १९१९ च्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत स्टोलबेरी यांच्याकडून १४३ विरुद्ध ५० मतांनी झालेला पराभव त्यांनी मुकाट्याने स्वीकारला होता, आणि मार्च १९४६ मध्ये प्रकृतीच्या कारणाने ते स्वतःच पायउतार झाले.