पोड, तांडा आणि बेडा

वर्णद्वेष म्हटले की आपल्या मराठी वाचकाला अमेरिका आठवते, दक्षिण आफ्रिका आठवते. तो हळहळतो, आणि आपल्याकडे जात आहे खरी, पण हे असले काही नाही, असे म्हणून वर्तमानपत्राचे पान उलटतो. पण अमक्या माणसाच्या रक्तातच खोड आहे, ती बापाकडून मुलाकडे उतरते आणि ती जाणे शक्य नाही, असे मानणे याला वंशद्वेष म्हणायचे नाही तर काय म्हणायचे? ते शोधायला समुद्र ओलांडावा लागत नाही. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात ते वाटेवर सापडते.

यवतमाळच्या आठवडी बाजारात तासभर उभे राहावे. एका बाजूला वऱ्हाडी बोलणारा कुणबी कापसाच्या भावावर चिडलेला, शेजारी गोरमाटी बोलणाऱ्या बंजारा बाया मिरच्यांचा ढीग लावून बसलेल्या, केळापूर-वणीकडचा तेलुगू बोलणारा माणूस, उर्दूत घासाघीस करणारा बागवान, गल्ल्यावरचा मारवाडी, आणि पिशवी घट्ट धरून, कोणाकडे न पाहता मीठ-तेल घेऊन परत फिरणारा कोलाम. गोंडी आणि कोलामी या तर मराठीच्या बहिणी नव्हेत; त्या द्राविडी कुळातल्या. एवढ्या भाषा एका मैदानात नांदतात ते पाहून बाहेरचा पाहुणा हरखतो. तो म्हणतो, इथे माणसामाणसांत काय भेद उरणार? मीही पुष्कळ दिवस असेच समजत होतो की माणसे जवळ आली की गैरसमज विरतात. मग आमच्या जिल्ह्यात दीडशे वर्षे माणसे जवळ असून ते का विरले नाहीत, हा प्रश्न मला छळू लागला.

बाजाराला माणूस लागत नाही, गिऱ्हाईक लागते. मिरची घेताना बाईचे नाव कळावे लागत नाही. संध्याकाळ झाली की बाजार उठतो आणि प्रत्येक जण आपापल्या शब्दात परत जातो. शब्दात, असे मी मुद्दाम म्हणतो. कोलामांच्या वस्तीला आम्ही गाव म्हणत नाही, पोड म्हणतो. बंजाऱ्यांचा तांडा, पारध्यांचा बेडा. गाव म्हणजे आमचे. बाकीच्यांना वेगळी नामे आहेत. पोडावर जायला बैलगाडीची वाट असते आणि बेड्यावर जायला तीही नसते. पण अंतर म्हणाल तर शाळेच्या घंटेचा आवाज पोहोचेल एवढेच.

मग या माणसांविषयी आम्हाला जे ठाऊक असते ते आले कुठून? इथे इतिहासाची पाने चाळावी लागतात. हा मुलूख १८५३ साली निजामाने इंग्रजांच्या हवाली केला. १९०५ पर्यंत आमच्या जिल्ह्याचे नाव वणीवरून होते. इंग्रज त्याला ‘वूण’ लिहीत. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ मध्ये कापसाला सोन्याचे मोल आले आणि व्यापारी, दलाल, सरक्या काढणारे कारखानदार चहूकडून धावले. १८६७ साली रेल्वे नागपूरला पोहोचली. धामणगावच्या स्टेशनावर कापसाच्या गाठी चढू लागल्या, आणि त्याच वाफेने बंजाऱ्याच्या बैलांचा धंदा बसवला.

हा बंजारा कोण होता? समुद्राकाठचे मीठ वऱ्हाडात आणणारा आणि धान्य दूर दूर पोहोचवणारा तो सबंध दख्खनचा वाहतूकदार. मोगलांच्या, मराठ्यांच्या फौजा त्याच्या धान्यावर चालल्या. १८०३ साली वेलस्लीने वऱ्हाडात येऊन गाविलगड घेतला तेव्हा त्याच्या सैन्यामागेही बंजाऱ्यांचे बैल होते. लढाईच्या धुमाळीत दोन्हीकडचे सैनिक ज्याची वाट पाहत, तो मनुष्य रेल्वे येताच रिकामा झाला. रिकामा मनुष्य रस्त्याने हिंडत असला की राज्यकर्त्याच्या डोळ्याला तो खुपतो. कालपर्यंत जे हिंडणे म्हणजे व्यापार होते, ते आता संशयाचे कारण झाले. मनुष्य तोच होता, बैल तेच होते.

आणि आता सर्वांत बोलकी गोष्ट. वऱ्हाडच्या बंजाऱ्यांवर सविस्तर टिपण लिहिणारा पहिल्या काही गृहस्थांपैकी एक कंबरलेज नावाचा साहेब होता. तो भाषापंडित नव्हता की धर्मोपदेशक नव्हता. वऱ्हाडच्या पोलीस खात्यात होता. त्याचे टिपण १८८२ साली पुन्हा छापले गेले. पुढे रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी मध्यप्रांतातील जातीजमातींवर चार खंडांचा मोठा ग्रंथ रचला. तो १९१६ साली निघाला. त्यातला बंजाऱ्यांवरचा लेख मुख्यतः या पोलिसी टिपणावर उभा आहे. ग्रंथ मेहनतीचा आहे, त्याची निंदा करण्याची माझी इच्छा नाही. पण विचार करा: शेजाऱ्याची ओळख करून घ्यायला आपण प्रथम फौजदाराकडे गेलो! फौजदाराला शेजारी कसा दिसणार? लग्नात गाणारा, बैलाच्या मरणाने रडणारा असा नव्हे. मग ग्रंथातून गॅझेटियरात, तिथून साहेबाच्या भाषणात आणि शिरस्तेदाराच्या तोंडून चावडीवर, असे ते ज्ञान उतरत आले. चावडीवर आले तेव्हा त्याचा लेखक कोणाला आठवत नव्हता. ती आता ‘सगळ्यांनाच ठाऊक असलेली गोष्ट’ होती.

त्याच काळात, १८७१ साली, गुन्हेगार जमातींचा कायदा झाला. त्यामागचे तर्कशास्त्र असे की सुताराचा मुलगा सुतार होतो, तसा चोराचा मुलगा चोर. म्हणजे आपल्याच जातीव्यवस्थेचा धडा साहेबाने पाठ केला आणि आपल्यालाच म्हणून दाखवला. म्हणून तर तो आपल्याला इतक्या लवकर पटला. एकदा जमातीचे नाव जाहीर झाले की त्याविरुद्ध कोर्टात दाद नाही. नावनोंदणी, हजेरी, गाव सोडायचे तर पास. कायदा प्रथम उत्तरेत लागू झाला. १९११ आणि १९२४ च्या कायद्यांनी तो विस्तारला आणि घट्ट झाला. सहा वर्षांवरची मुले आईबापांपासून काढून वेगळ्या शाळेत ठेवण्याचा अधिकारही सरकारला मिळाला. सोलापूरची तारेच्या कुंपणातली वसाहत मराठी वाचकाला ऐकून माहीत आहे. लक्ष्मण गायकवाडांचे ‘उचल्या’ १९८७ साली आले तेव्हा या जगाची दारे अनेकांना प्रथमच दिसली.

हे आपल्याकडेच घडले असे नाही. म्युनिकच्या पोलिसांनी १८९९ साली जिप्सींची नोंद ठेवण्यासाठी स्वतंत्र कचेरी उघडली. फ्रान्सने १९१२ साली भटक्यांच्या हातात शरीराची मापे नोंदलेली वही दिली आणि ती १९६९ पर्यंत चालवली. फिरणाऱ्या माणसाचे जगाला एकाच सुमाराला भय वाटू लागले, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. म्युनिकची ती कार्डे पुढे नाझींच्या हाती पडली. तिथे काय झाले ते सांगायला नको.

स्वराज्यात अय्यंगार समितीच्या शिफारशीनंतर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी आपला कायदा रद्द झाला. ‘गुन्हेगार’ जमाती ‘विमुक्त’ झाल्या. पण १९५९ साली मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा कायदा आला. तो जमातीविरुद्ध नव्हे, व्यक्तीविरुद्ध आहे, हे खरे. पण व्यक्ती शोधायची कुठे याची जुनी सवय तशीच राहिली. फासेपारध्याचे हाल तर निराळेच. तितर-लावे धरणे ही त्याची विद्या. १९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला. तो हवाच होता, पण त्या दिवसापासून पारध्याच्या आज्याने शिकवलेली एकमेव विद्या गुन्हा ठरली. एका कायद्याने सोडलेला माणूस वीस वर्षांनी दुसऱ्यात अडकला, आणि गाव म्हणाले, पाहा, आम्ही म्हणत नव्हतो?

याच जिल्ह्यातल्या पुसद तालुक्यात, गहुलीला, १९१३ साली वसंतराव नाईक जन्मले. तांड्यातला हा मुलगा १९६३ पासून १९७५ पर्यंत, अकरा वर्षांहून अधिक, महाराष्ट्राचा मुख्यमंत्री होता. त्यांचा जन्मदिवस, १ जुलै, आम्ही शाळेत कृषिदिन म्हणून साजरा करतो. तरी त्यांच्या तसबिरीला हार घालून घरी गेलेला मनुष्य रात्री कोंबडी हरवली की तांड्याचे नाव घेताना मी ऐकला आहे. पूर्वग्रहाची ही युक्ती मोठी आहे: थोर माणसाला तो अपवाद ठरवतो आणि आपण शाबूत राहतो.

मी कादंबऱ्या लिहितो आणि पोटासाठी मुलांना शिकवतो; इतिहासाची पदवी माझ्याजवळ नाही, शिक्षण मॅट्रिकपुरते. म्हणून मी माझा पुरावा वर्गातच शोधला. एकदा मुलांना सांगितले, आपल्या गावाजवळच्या दुसऱ्या वस्तीविषयी दहा ओळी लिहा. गावातल्या मुलांनी बेड्यावर लिहिले. सगळ्या वह्यांत त्याच तीन गोष्टी: ते रात्री फिरतात, त्यांच्याकडे कुत्री असतात, त्यांच्या वाटेला जाऊ नये. विचारले, कोण जाऊन आले? एकही हात वर झाला नाही. बेड्यावरचा एकच मुलगा वर्गात होता. त्याने गावावर लिहिले होते, दहाऐवजी सव्वीस ओळी. कोणाच्या दारात कुत्रे चावते, कोणती आजी शिळी भाकर देताना हातावर टाकते आणि कोणती ताटलीत ठेवते, कोणता दुकानदार दाराबाहेरूनच सामान देतो, कोण अंधारात येऊन तितर विकत घेतो आणि सकाळी ओळख देत नाही. शुद्धलेखनाच्या चुका पुष्कळ होत्या. मी त्या तपासल्या नाहीत.

त्या रविवारी मी बेड्याकडे निघालो तर वाटेत एका शेतकऱ्याने हटकले, “गुर्जी, तिकडं कायले जाता?” मनुष्य सज्जन आहे, माझ्या आजारपणात त्याने रोज दूध पाठवले होते. बेड्यावरच्या एकाही माणसाशी त्याची कधी खडाजंगी झालेली नाही. त्याची मजुरीची माणसे मात्र सुगीत तिथूनच येतात, आणि गावातल्या मजुरापेक्षा कमी पैशात येतात. हे मला त्यानेच सहज सांगितले. बदनाम माणूस मजुरीसाठी हुज्जत घालीत नाही. चोरी झाली तर तपासाला कुठून तरी आरंभ करावा लागतो, तोही जवळच होतो. चोरीचा माल विकत घेणारा कधी बेड्यात राहत नाही, पण त्याच्या दारात कोणी जात नाही. जिच्यात इतक्यांची सोय आहे ती समजूत नुसत्या सहवासाने का मरावी?

कागदांनीही तिला पुष्कळ जगवले आहे. आमच्या गोंड-कोलामांचे पाहा. १९७६ च्या दुरुस्तीपर्यंत या जिल्ह्यात केळापूर, वणी आणि यवतमाळ या तीन तालुक्यांतला गोंड तेवढा अनुसूचित जमातीचा. तोच दारव्ह्याला किंवा पुसदला राहत असेल तर नाही! पैनगंगेच्या अलीकडचा बंजारा महाराष्ट्रात विमुक्त, पलीकडे तेलंगणात त्याचाच मेहुणा अनुसूचित जमातीत. फासेपारधी एका यादीत, राजपारधी दुसऱ्या. सरकारच्या यादीत माणूस पाहण्याची सवय लागली की आपणही त्याला यादीतच पाहतो. निजामाच्या राज्यात अंमलदारी करताना सेतुमाधवराव पगडी गोंडी आणि कोलामी शिकले, त्यांची व्याकरणे लिहून गेले. पोलिसाच्या टिपणाशेजारी मी ही पुस्तके ठेवतो. पण आमच्या जिल्ह्यात कोलामी येणारा बिगरकोलाम शिक्षक किती दिसतो?

सव्वीस ओळी लिहिणाऱ्या त्या मुलाचा बाप सध्या जातीच्या दाखल्यासाठी हिंडतो आहे. अनुसूचित जमातीला ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा पुरावा लागतो, विमुक्तांना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा: आजोबांचे शाळेत नाव होते काय, सातबारा होता काय, कोणत्या गावी राहत होते? ज्या आजोबांना कोणत्या गावाने दोन रात्री सलग पाल ठोकू दिली नाही, त्यांचे गाव कोणते लिहायचे, असे त्याने मला विचारले. तालुक्याला त्याचे तिसरे हेलपाटे झाले. मी अर्ज लिहून दिला आहे. गावाच्या रकान्यात त्याने सांगितलेली अकरा नावे मी एकाखाली एक लिहिली.