काळ्या सावल्यांचे पिक्चर आणि तिकिटाचा गल्ला

इतिहास म्हटला की गड, लढाया आणि राजे डोळ्यांपुढे येतात. आज मी पिक्चरचा इतिहास सांगणार आहे, आणि तोही अमेरिकेतल्या कमी पैशांत काढलेल्या, दुय्यम समजलेल्या पिक्चरचा. तुम्ही म्हणाल, आपलं त्यात काय? पण ऐका तर खरं. ही गोष्ट पैशांच्या हिशोबाची आहे, एका बाईच्या कामाची आहे, आणि लोकांनी मिळून एखादी वस्तू कशी वाचवली त्याची आहे.

साधारण १९३० ते १९५० या काळात अमेरिकेत एका तिकिटावर दोन पिक्चर दाखवायची पद्धत होती. पहिला मोठा, नामवंत नटनट्यांचा. दुसरा छोटा, तासा-सव्वातासाचा. मोठ्या पिक्चरच्या गल्ल्यातून कंपनीला टक्केवारी मिळायची. छोट्याला मात्र ठरलेलं भाडं असायचं. थिएटर भरो की रिकामं राहो, पैसे तेवढेच. मग छोटा पिक्चर काढणाऱ्याला एकच मार्ग उरायचा, खर्च कमी करणं. आठवड्या-दोन आठवड्यांत शूटिंग उरकायचं, मोजके नट घ्यायचे आणि दुसऱ्या पिक्चरसाठी उभारलेल्या सेटवरच आपलं काम भागवायचं.

याच काळात गुन्हेगारीच्या, फसवणुकीच्या, रात्रीच्या शहरांच्या गोष्टी पडद्यावर आल्या. दिवे कमी, सावल्या लांब, माणसं घाबरलेली. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ साली, फ्रान्समधल्या समीक्षकांनी हे पिक्चर पाहिले आणि त्यांना 'फिल्म न्वार' म्हणजे काळा चित्रपट असं नाव दिलं. काळोखाचा फायदा असा, की भिंतीचा रंग उडालाय हे दिसत नाही आणि रस्त्याच्या जागी नुसता पडदा आहे हेही कळत नाही. गरिबी झाकायला आणलेला अंधार त्या गोष्टींना शोभून दिसला.

१९४५ सालचा 'डीटूर' घ्या. एडगर उल्मर हा त्याचा दिग्दर्शक. कंपनी इतकी छोटी, की हॉलिवूडमध्ये तिच्या पिक्चरची थट्टा व्हायची. गोष्ट एका पियानोवाल्याची. दुसऱ्यांच्या गाड्यांना हात करत तो न्यूयॉर्कहून निघतो. गाडी देणारा माणूस वाटेतच मरतो. आळ आपल्यावर येईल या भीतीनं हा त्याची गाडी आणि नाव घेतो. पुढे गाडीत बसलेली बाई त्याचं बिंग ओळखते आणि त्याला सोडत नाही. न्यूयॉर्कचे रस्ते उभे करायला पैसे नव्हते, म्हणून धुक्याचे लोट सोडले आणि त्यातून माणसं चालवली. सारा पिक्चर सत्तर मिनिटांच्या आत संपतो. ती बाई झाली होती अॅन सॅव्हेज. तिचं नाव पुढे बरीच वर्षं कुणाच्या ध्यानात नव्हतं.

आता मुख्य बाई, आयडा लुपिनो. जन्म लंडनचा, १९१८ सालचा. घराणं नाटकवाल्यांचं. हॉलिवूडमध्ये ती चांगली नावाजलेली नटी झाली. त्या वेळी नटनट्या कंपनीशी करारानं बांधलेल्या असत. दिलेलं काम नाकारलं की कंपनी घरी बसवायची आणि पगार बंद करायची. आयडानं पटत नसलेल्या भूमिका नाकारल्या आणि ही शिक्षा भोगली. पण तो वेळ तिनं वाया घालवला नाही. सेटवर जाऊन दिग्दर्शक काय करतात, कॅमेरा कुठे ठेवतात, हे ती बघत राहिली. शिकवणी लावली नव्हती, नजरेनंच शिकली.

पुढे नवऱ्याबरोबर तिनं स्वतःची छोटी कंपनी काढली. १९४९ साली त्यांनी लग्नाआधी आई झालेल्या मुलीवर पिक्चर करायला घेतला. काम सुरू होताच दिग्दर्शकाला हृदयविकाराचा झटका आला. आयडानं काम पुढे नेलं, पण पडद्यावर दिग्दर्शक म्हणून नाव मात्र त्याचंच राहू दिलं. त्यानंतर तिनं पोलिओ झालेल्या नर्तकीवर पिक्चर केला. तिला स्वतःला तरुणपणी पोलिओ होऊन गेला होता. १९५० साली 'आउटरेज' काढला, बलात्कार झालेल्या मुलीच्या मनावर. सेन्सॉरच्या नियमांमुळे तो शब्दसुद्धा पिक्चरमध्ये उच्चारता येत नव्हता. तरी भेदरलेली ती मुलगी आणि तिच्याकडे रोखून बघणारे गावातले लोक तिनं दाखवले. ज्या विषयाला मोठ्या कंपन्या हात लावत नव्हत्या, त्याला कमी पैशांत काम करणारी बाई हात लावू शकली. नुकसान झालं तरी थोडंच होणार, म्हणून हिंमतही करता आली.

१९५३ साली तिचा 'द हिच-हायकर' आला. दोन मित्र मासेमारीला निघतात, वाटेत एका माणसाला गाडीत घेतात आणि तो निघतो खुनी. खऱ्या घटनेवर बेतलेली गोष्ट. या पिक्चरमध्ये काळोख शहराचा नाही, बराचसा भाग भर उन्हातल्या माळरानावर घडतो. त्या खुन्याचा एक डोळा झोपेतही मिटत नाही, त्यामुळे तो जागा आहे की झोपलाय हे दोघांना कळत नाही. सगळ्या मुख्य भूमिका पुरुषांच्या, आणि त्यांची भीती दाखवणारी एक बाई. त्या वेळी अमेरिकेतल्या दिग्दर्शकांच्या संघटनेत बायका जवळजवळ नव्हत्याच. आयडाच्या आधी डोरोथी आर्झनर तेवढी होती.

मग टीव्ही आला. एका तिकिटात दोन पिक्चरची पद्धत मोडली, छोट्या कंपन्या बुडाल्या. कितीतरी पिक्चरचे हक्क कुणी नव्यानं नोंदवलेच नाहीत. रिळं गोदामांत पडली. जुनी रिळं नायट्रेटची असत आणि ती चटकन पेट घेत. आपल्या पुण्यातही २००३ साली आग लागून नायट्रेटची जुनी रिळं जळाली. एकदा जळालं की गेलंच.

हे पिक्चर जगवले ते जुने पिक्चर दाखवणाऱ्या थिएटरांनी. त्यांना रेपर्टरी सिनेमा म्हणतात. नवा पिक्चर लावून महिनाभर चालवायचा, असं तिथे नसतं. दर दिवशी, दर आठवड्याला वेगळा जुना पिक्चर लागतो आणि त्याचं वेळापत्रक आधीच छापून वाटतात. न्यूयॉर्कचं फिल्म फोरम, केंब्रिजचं ब्रॅटल, सॅन फ्रान्सिस्कोचं रॉक्सी ही अशी ठिकाणं. घरोघरी व्हिडिओ आल्यावर यातली पुष्कळ थिएटरं बंद पडली. जी टिकली ती नेमानं येणाऱ्या प्रेक्षकांमुळे. अॅन सॅव्हेजचं काम पुन्हा लोकांपुढे आलं ते अशा खेळांतून. २००७ साली, वय पंच्याऐंशीच्या घरात असताना, तिला पुन्हा एका पिक्चरमध्ये काम मिळालं.

२००३ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅस्ट्रो या जुन्या थिएटरात 'न्वार सिटी' नावाचा महोत्सव सुरू झाला. लोक १९४० सालचे कपडे घालून, डोक्यावर हॅट ठेवून यायचे. एडी म्युलर यांनी तो चालवला आणि पुढे त्यासाठी संस्था काढली. तिचा हिशोब आपल्या बचत गटासारखा आहे. खेळांतून जमलेला पैसा गल्ल्यात जातो, गल्ल्यातून खराब झालेला एखादा पिक्चर दुरुस्त होतो, तो पुन्हा थिएटरात लागतो आणि पुन्हा पैसा जमतो.

'वुमन ऑन द रन' या १९५० सालच्या पिक्चरचं उदाहरण ऐका. त्यात एक बाई हरवलेल्या नवऱ्याला शोधत फिरते. संसारात राम उरला नाही असं तिला वाटत असतं, पण शोधता शोधता नवरा तिला नव्यानं कळत जातो. त्याची चांगली प्रिंट युनिव्हर्सल स्टुडिओत सापडली होती. १ जून २००८ ला तिथे आग लागली आणि प्रिंट गेली. सगळं संपलं असं वाटलं. पण लंडनच्या चित्रपट संग्रहात त्याच पिक्चरची जुनी रिळं निघाली आणि त्यांवरून तो पुन्हा उभा राहिला. जगाच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी एक डबा सांभाळून ठेवला होता, एवढ्याचसाठी तो पिक्चर आज आहे.

आयडा लुपिनो १९९५ साली वारली. तीन वर्षांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय यादीत, जपण्याजोगा म्हणून, 'द हिच-हायकर' घेतला गेला. तो जेव्हा काढला, तेव्हा त्याला दुय्यमच मानलं होतं. काय जपायचं हे कुठली यादी आधी ठरवत नाही. आधी कुणीतरी ते पुन्हा पुन्हा दाखवतं, कुणीतरी तिकीट काढून बघतं, यादी त्याच्या मागून येते.

अमेरिकेत त्या पिक्चरचे हक्क संपलेत आणि तो इंटरनेटवर फुकट बघता येतो. एखाद्या बैठकीनंतर सगळ्याजणी मिळून बघा. इंग्रजी कळलं नाही तरी भीती कळते. आणि पिक्चर संपला की शेजारणीला सांगा, हे बाईनं काढलंय.