एका तारखेमागची शंभर वर्षे

१/ आता डेटा सेंटरेही उभी असलेल्या ऐरोलीत, स्थानकावर लोकलची वाट पाहताना फोनला मराठीत विचारून पाहा : शिवाजी महाराजांचा जन्म कधी झाला? बहुधा क्षणात उत्तर येईल : १९ फेब्रुवारी १६३०.

२/ ही सोय अलीकडची. गूगलने २०१२ मध्ये 'नॉलेज ग्राफ' आणला आणि शोधाच्या पानावरच थेट उत्तरे दिसू लागली. २०१७ मध्ये मराठीत बोलून शोध घेता येऊ लागला. २०१८ मध्ये गूगल असिस्टंट मराठी बोलू लागला.

३/ उत्तर मात्र जुन्या वादातून आले आहे. पूर्वी १६२७ हे जन्मवर्ष प्रचलित होते. १९१६ मध्ये लोकमान्य टिळकांनी जेधे शकावली प्रसिद्ध केली. तीत शके १५५१, फाल्गुन वद्य ३ ही तिथी होती. वाद अनेक दशके चालला. महाराष्ट्र शासनाने आजची तारीख स्वीकारली ती २००१ मध्ये.

४/ पडद्यावर उत्तराखाली इतर दुवे तरी दिसतात. आवाज एकच उत्तर देतो. त्यात ना शकावली असते, ना वाद.

५/ म्हणून उत्तर ऐकताच दुसरा प्रश्न विचारावा : हे कशावरून? इतिहासाचा अभ्यास तिथून सुरू होतो.