विंचू, श्वास आणि महाडचे डॉक्टर



आज एका प्रश्नानं सुरुवात करते. रात्री आपण गाढ झोपतो, तेव्हा आपला श्वास कोण चालू ठेवतं? काळजाची गती कोण सांभाळतं? मेंदूचा खालचा भाग आणि त्याला जोडलेलं नसांचं जाळं हे काम करतं. नाडी, रक्तदाब, घाम, पचन हे सगळं न सांगता सांभाळणाऱ्या या जाळ्याला स्वायत्त मज्जासंस्था म्हणतात. घरातल्या बाईच्या कामासारखंच आहे हे. चालू असतं तोवर कुणाच्या लक्षातही येत नाही.

लाल विंचवाचा एक डंख ही सगळी घडी विस्कटून टाकू शकतो. ते कसं होतं आणि त्यावर इलाज काय, हे आपल्याच महाराष्ट्रातल्या एका डॉक्टरांनी शोधलं. आज त्यांचीच गोष्ट.

मी लहान असताना आमच्या वस्तीवरच्या एका मुलाला कडब्याच्या गंजीजवळ विंचू चावला. मांत्रिकाला बोलावलं. विष उतरतंय, असं तो रात्रभर सांगत राहिला. पोराला उलट्या झाल्या, अंग घामानं भिजलं, हातपाय गार पडले. पहाटे धाप लागली, तोंडाला फेस आला आणि पोर गेलं. ‘आयुष्यच तेवढं होतं’ असं सगळे म्हणाले. तसं नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं.

डॉ. हिंमतराव बावस्कर यांचा जन्म १९५१ साली जालना जिल्ह्यातल्या देहेड गावी, शेतकऱ्याच्या घरात झाला. नागपूरला डॉक्टरकी शिकून १९७६ साली ते महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. तिथं विंचू चावलेले रुग्ण येत आणि त्यातली चांगली धडधाकट माणसं, लेकरं डोळ्यांदेखत दगावत. गंभीर झालेल्या शंभरातले तीस-चाळीस जात. तेव्हा जी औषधं देत, त्यांचा उपयोग होत नव्हता.

केंद्रात मोठी यंत्रं नव्हती. मग डॉक्टर रुग्णाच्या उशाशी बसून राहिले. नाडी, रक्तदाब, श्वास, हातापायांचा गारवा, सगळं बघायचे आणि वेळ घालून लिहून ठेवायचे. अशा नोंदी साठत गेल्या, तसं चित्र स्पष्ट झालं. नुसती कळ असलेल्या माणसाला धोका कमी असे. पण उलटी, दरदरून घाम आणि गार हातपाय दिसले की पुढं काळीज आणि फुप्फुसं धोक्यात येत. त्यांचं हे निरीक्षण १९८२ साली ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं.

आत घडतं ते असं. विष नसांना डिवचतं आणि शरीरात घबराटीची द्रव्यं एकदम उसळतात. रक्तवाहिन्या आवळतात, म्हणून हातपाय गार पडतात. आवळलेल्या वाहिन्यांत रक्त ढकलताना काळीज थकतं. मग फुप्फुसात पाणी साठतं आणि माणूस कोरड्या जमिनीवर बुडाल्यासारखा गुदमरतो.

म्हणजे आवळलेल्या वाहिन्या सैल केल्या, तर माणूस वाचेल! हाच विचार धरून डॉक्टरांनी प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी, स्वस्त गोळी वापरून पाहिली. त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर याही या संशोधनात सोबत होत्या. १९८६ साली दोघांच्या नावानं ‘लॅन्सेट’मध्ये तो अनुभव छापून आला. वेळेत गोळी मिळू लागल्यावर मृत्यू शंभरात एकावर आले. पुढं विंचवाच्या विषावरची लसही मिळू लागली. गोळी आणि लस दोन्ही दिली, तर रुग्ण आणखी लवकर बरा होतो, हे त्यांनी २०११ साली दाखवून दिलं. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

मैत्रिणींनो, हा शोध एका खेड्यातल्या दवाखान्यात सुरू झाला. पण रुग्ण वेळेत पोचला नाही, तर तो आपल्या काय कामाचा? आपल्या जिल्ह्यात दगडी बांध आहेत, सरपणाचे ढीग आहेत, गोवऱ्यांचे उडवे आहेत, ऊसतोडीच्या कोप्या आहेत. तिथं आधी हात आपला जातो आणि लेकरं तिथंच खेळतात.

म्हणून एवढं करा. विंचू चावला की वेळ बघून ठेवा. चावा कापू नका, चोखू नका, करकचून बांधू नका. माणसाला धीर द्या, चालवू नका. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीनं दवाखाना गाठा. लेकरू असेल तर क्षणभरही थांबू नका. उलटी, घाम, गार हातपाय कधी सुरू झाले, ते डॉक्टरांना सांगा. प्राझोसिनची गोळी मात्र मनानं देऊ नका. रक्तदाब बघून ती डॉक्टरच देतील. सरपण काढताना आधी काठीनं हलवा, चप्पल झटकून घाला, लेकरांना जमिनीवर झोपवू नका.

येत्या बैठकीत हप्ते गोळा झाले की आणखी एक काम करा. विंचवाची लस आणि गोळी कुठल्या सरकारी दवाखान्यात आहे, ते विचारून घ्या. तिथला फोन नंबर आणि रात्री गाडी देणाऱ्याचा नंबर गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहा. बिरवाडीच्या डॉक्टरांनी वहीत लिहून ठेवलं, म्हणून इलाज सापडला. आपल्या वहीतल्या दोन नंबरांनी एखादं लेकरू वाचेल.