शहापुरात राहावे की बाहेर पडावे? जुन्या उपनगराचे फायदे-तोटे

बेळगाव : शहरात धुळवडीला रंग खेळतात, शहापुरात मात्र रंगपंचमीला. ही दोन गावे एकेकाळी वेगळ्या राज्यांत होती, त्याची ही आठवण. १९४८ मध्ये संस्थान विलीन होईपर्यंत शहापूर सांगलीच्या पटवर्धनांकडे होते, तर बेळगाव ब्रिटिश मुलखात. चिंतामणराव हायस्कूलच्या नावात सांगलीचे राजघराणे अजून आहे. आज शहापूर महापालिकेतच आहे आणि शहराच्या अगदी पोटात आले आहे. तरी अनेक घरांत एक प्रश्न पुन्हा पुन्हा निघतो : वडिलोपार्जित घर विकून हनुमाननगर, सह्याद्रीनगरकडे जायचे, की इथेच राहायचे?

फायदे काय?

पहिला फायदा अंतराचा. किराणा, सराफ, शिंपी, दवाखाना, देऊळ, मराठी शाळा, सगळे चालत जाण्याच्या टप्प्यात. पूर्वी कपिलेश्वर फाटक पडले की शहरात जाणारा अडकायचा. उड्डाणपूल झाल्यापासून ती कटकट मिटली. बाहेरच्या वसाहतीत दुधाच्या पिशवीलाही गाडी काढावी लागते. दोन दुचाकींचे पेट्रोल, मुलांची शाळेची रिक्षा आणि जाण्यायेण्याचा वेळ महिन्याच्या हिशेबात धरला, तर स्वस्त प्लॉट तितका स्वस्त राहत नाही.

दुसरा फायदा कमाईचा. शहापूर, वडगाव, खासबाग हा विणकरांचा पट्टा. घरातच माग, घरातच शिलाई, पुढच्या खोलीत दुकान, अशी इथली रीत. गिऱ्हाईक दारात येते, दुकानभाडे वाचते. नव्या वसाहतीत ही सोय सहज मिळत नाही.

तिसरा फायदा माणसांचा. मुले पुण्याला किंवा बेंगळुरूला, घरी दोघेच म्हातारे, असे चित्र आता गल्लोगल्ली दिसते. सकाळी दार उघडले नाही तर शेजारी हाक मारतात. रात्री-अपरात्री कुणाला दवाखान्यात न्यायचे झाले, तर गल्लीतली चार पोरे धावतात.

तोटे काय?

गाडी लावायची कुठे, इथपासून सुरुवात. गल्ल्या बैलगाडीच्या काळातल्या, घरे एकमेकांना चिकटलेली. चारचाकी दूरच्या मोकळ्या जागेत लावून चालत यावे लागते. अग्निशमन दलाचा बंब किंवा रुग्णवाहिका आत वळवणे काही ठिकाणी अवघडच.

घरांचा त्रास वेगळा. सामायिक भिंती, कौले, लाकडी तुळया. आमच्याकडचा पाऊस मोठा. ओल आणि वाळवी दरवर्षी खर्च काढतात. मधल्या खोल्यांत दिवसाही दिवा लावावा लागतो. सखल भागात गटारे तुंबली की पाणी थेट उंबऱ्यापर्यंत येते. बळ्ळारी नाल्याला पूर आला की शहापूर-वडगावच्या शिवारातील भात पाण्याखाली जाते.

आवाजाचेही आहेच. मागांची खटखट ऐकत वाढलेल्यांना ती जाणवत नाही. पण बाहेरून आलेल्याला, आणि सणावारी स्पीकरच्या भिंतीपुढे आजारी माणसाला, त्रास होतो.

खरी अडचण कागदांची

घर पाडून नवे बांधू म्हटले, तर आधी वाटणी आडवी येते. उताऱ्यावर आजोबांचे नाव, वारस आठ-दहा, त्यातले निम्मे परगावी. २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना मुलांइतकाच हक्क आहे. त्यामुळे बहिणींना वगळून व्यवहार केला तर तो पुढे कोर्टात जाऊ शकतो. नावे साफ नसली की बँक कर्ज देत नाही. मग घर विकले जात नाही, दुरुस्तही होत नाही. बंद पडलेल्या अनेक घरांमागचे कारण हेच.

घेण्या-विकण्याआधी हे पाहा

• सिटी सर्व्हे उताऱ्यावर सर्व वारसांची नावे चढली आहेत का?
• महापालिकेच्या ई-आस्तीत मिळकतीची नोंद आहे का? नोंदणीसाठी आता ती लागते.
• ‘कावेरी’ संकेतस्थळावरून ईसी काढून घरावर बोजा नाही ना, याची खात्री करा.
• कागद कन्नडमध्ये असतात. वाचता येत नसेल तर जाणकाराकडून ओळन् ओळ समजून घ्या, मगच सही करा.
• सामायिक भिंत, पायवाट आणि विहीर कुणाच्या हक्काची, हे लेखी ठेवा.
• घर एकदा तरी भर पावसात पाहा.
• घरपट्टी एप्रिलमध्ये भरली तर ५ टक्के सूट मिळते. थकबाकी असेल तर ती कोण भरणार, हे आधीच ठरवा.

कुणाला काय परवडेल?

घरातून धंदा करणारे, शाळकरी मुले असलेले आणि वय झालेली जोडपी यांना शहापूर सोयीचे. दोन चारचाकी असलेल्यांना, जिने चढता न येणाऱ्यांना किंवा शांतता हवी असलेल्यांना बाहेरची वसाहत बरी. कुठलाही निर्णय घ्या, पण भावंडे एकत्र बसू शकतात तोवर वाटणीपत्र करून ते नोंदवून घ्या. पुढच्या पिढीत सह्यांची संख्या वाढतच जाते.